वर्तुळातला नंबर

मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी बसून, हातात फक्त मोबाइल असताना माणसाला आपल्या घराण्याच्या किती पिढ्या सापडतात ते बघा, असं संपादकांनी सांगितलं. परदेशात हा निवृत्त मंडळींचा छंद असतो. आपल्याकडे पणजोबांची आठवण येते ती जात पडताळणीची फाइल करताना. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. या तारखा तोंडपाठ असलेली माणसं तहसीलच्या आवारात हमखास भेटतात.

सप्टेंबर 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावचे बस्ते सुटले. अनेक जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर या नोंदी तालुकावार, गाववार चढल्या. त्यांत मोठा वाटा गाव नमुना 14चा, म्हणजे कोतवाल बुकाचा. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची ही वही. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव असतं, जात असते. बाळाचं नाव मात्र बहुधा नसतं, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली. 'मुलगा' एवढ्यावरून तो आपला आजोबा की त्याचा भाऊ, हे ठरवायचं कसं?

बाकीची दालनं भराभर पाहून घेऊ. अमेरिकेतल्या 1894 साली स्थापन झालेल्या युटा वंशावळी संस्थेचा वारसा सांगणाऱ्या 'फॅमिलीसर्च'वर हरिद्वार, कुरुक्षेत्र इथल्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं फुकट पाहता येतात. पण मोहोळकराचं तीर्थ पंढरपूर, फार तर त्र्यंबकेश्वर. तिथल्या उपाध्यांच्या नामावळ्या बहुतेक त्यांच्या घरच्या कपाटांत आहेत. पूर्वज पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत कित्येक शिपायांपुढे बापाचं नाव आणि गावही मिळतं. फक्त सोलापूर 'शोलापूर' असं शोधावं लागतं. 1884चं सोलापूर गॅझेटियर नेटवर आहे. त्यात गाव भेटतं, घर भेटत नाही.

घर भेटतं ते सातबाऱ्यावर, आणि मी खरा अडकलो तो तिथेच. जुना हाताने लिहिलेला सातबारा घ्या. खातेदाराच्या नावाला कंस केलेला दिसतो, म्हणजे त्याचा हक्क संपला. खाली नवी नावं, आणि शेजारी वर्तुळात एक आकडा. तो फेरफाराचा नंबर. गाव नमुना 6मध्ये त्या नंबरची नोंद उघडली की मजकूर येतो: अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस पत्नी, मुलगे, कोण सज्ञान, कोण अज्ञान. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथे आईचं किंवा चुलत्याचं नाव लागतं. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; भाऊ अजून वेगळे निघालेले नाहीत. मग मयत इसमाचं नाव ज्या फेरफाराने लागलं त्याचं वर्तुळ शोधायचं, आणि असं मागे मागे जात सातबाऱ्याआधीच्या कडईपत्रकापर्यंत पोचायचं. वंशावळ लिहिणं हा तलाठ्याचा हेतू कधीच नव्हता. शेतसारा कोणाकडून घ्यायचा एवढंच सरकारला हवं होतं. 1903च्या हक्कनोंदीच्या कायद्याने ही शिस्त लावली आणि तिच्या ओघात घराण्यांच्या पिढ्या नोंदल्या गेल्या.

मोबाइलवर ही साखळी लवकर तुटते. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबराने किंवा नावाने आजचा उतारा निघतो. जुने कागद 'आपले अभिलेख'वर आहेत, पण ते काही जिल्ह्यांपुरते. एरवी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. त्यात 1947च्या कायद्याने एकत्रीकरण झालेलं असलं, तर सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. दोन्हींचा मेळ घालणारा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा हाती नसेल, तर शेजाऱ्याचे पूर्वज आपले म्हणून घरी येतात.

पुढची अडचण मोडीची. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही. नाव कुठे संपलं आणि बापाचं कुठे सुरू झालं, हे गावातली आडनावं ठाऊक असणाऱ्या वाचकालाच उमगतं. असे वाचक तालुक्याला किती असतात, ते नक्कल घेऊन हिंडणाऱ्यांना विचारावं.

सगळ्यांत मोठं भगदाड बायकांचं. 1956च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदीत मुली जवळपास नाहीतच. सून येते ती नवऱ्याच्या नावाने, बहुधा लग्नात बदललेलं नाव घेऊन. तिचं माहेर मंगळवेढ्याचं असेल तर कागद सांगली संस्थानचे, अक्कलकोटचं असेल तर त्या संस्थानचे, तुळजापूरचं असेल तर निजामाच्या अमलातले, म्हणजे उर्दूत असण्याची शक्यता. मोहोळ मात्र मुंबई इलाख्यात. एका आजीसाठी तीन-चार राजवटींची दफ्तरं धुंडाळायची. ज्यांना जमीनच नव्हती त्यांना वर्तुळातला नंबरही नाही. वतनदार गावकामगार असतील तर 1958च्या कायद्याने वतनं खालसा होतानाच्या कागदांत नावं मिळतात. मजुराला शाळेचं जनरल रजिस्टर तेवढं उरतं, आणि त्यात वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म 1 जूनचा.

हेळवी दारी येऊन वंशावळ वाचून दाखवायचे, तेव्हा सुगीचं धान्य देणाऱ्या घराचीच वाचायचे. आजचं स्कॅनिंगही दाखल्याच्या मागणीवर चाललं आहे. पानावरची एक ओळ कुणबी म्हणून यादीत चढते; तिच्या वरची सुताराची, खालची मांगाची आणि पलीकडची मुसलमान घराची ओळ त्याच छायाचित्रात असूनही शोधात येत नाही. पान एकदा उघडलंच आहे, मोडी वाचकाला पैसे एकदा मोजलेच आहेत, तर ओळी सगळ्या उतरवून घ्याव्यात. पुढच्या मागणीपर्यंत तो कागद उलटण्याजोगा राहील याची हमी अभिलेख कक्षात कोणीच देत नाही.