काचेतलं जंगल : लेखांक ६
छत्री काढा, माती राहू द्या

गेल्या आठवड्यात आपण टेरॅरियममधले मातीचे थर पाहिले. तळाला भाजक्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी, मग कोकोपीट मिसळलेली माती आणि सगळ्यात वर सुकी पानं. हे सगळं नीट जमलं, झाडांनी मुळं धरली, की एखाद्या सकाळी त्या पानांतून पिवळ्याधमक छत्र्या वर आलेल्या दिसतात. आत गेको किंवा दुसरा सरडा असेल, तर पाळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. सगळी माती फेकून द्यायची का?

नाही. भूछत्र हे फक्त फळ आहे. आंबा तोडला म्हणून झाड जात नाही, तसंच इथे. खरी बुरशी म्हणजे मातीत पसरलेलं पांढऱ्या तंतूंचं जाळं. ते सुकी पानं, लाकूड, कोकोपीट कुजवतं आणि त्यातली पोषकद्रव्यं झाडांसाठी मोकळी करतं. जिवंत मुळांना ते सहसा धक्का लावत नाही. माती, लाकूड किंवा नर्सरीतल्या कुंडीबरोबर ते आत येतं, ऊब आणि ओल मिळाली की छत्री वर काढतं. दोन-चार दिवसांत ती आपसूक कोलमडते.

पिवळी छत्री बहुधा ल्युकोकोप्रिनस बिर्नबाउमीची असते. पावसाळ्यात आपल्याकडच्या कुंड्यांतही ती उगवते. मूळची उष्ण प्रदेशातली ही बुरशी युरोपात काचघरांतून पोचली. जेम्स बोल्टनने १७८८मध्ये इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं होतं. आजचं नाव ऑगस्ट कोर्डाच्या १८३९च्या वर्णनावरून आलं. प्रागच्या एका काचघरात अननसाच्या रोपांमध्ये ती बिर्नबाउम नावाच्या उद्यान निरीक्षकाला सापडली होती. माणसाने ती खाल्ली तर पोट बिघडतं.

प्राण्याला धोका किती, हे तो काय खातो त्यावर ठरतं. क्रेस्टेड गेको कीटक आणि पिकलेली फळं खातो. छत्रीच्या वाटेला तो क्वचितच जातो. ब्लू-टंग स्किंक मात्र समोर येईल ते चाखून पाहतो. अमेरिकेतलं बॉक्स कासव तर रानात भूछत्रं आवडीने खातं. पण रानातल्या कासवाला पचलं म्हणून आपल्या काचपेटीतलं अनोळखी भूछत्र निर्धोक ठरत नाही. अशा प्राण्यांच्या पेटीत छत्री दिसताक्षणी काढावी.

काढायची ती टोपी उघडण्याआधी, म्हणजे बीजाणू कमी पसरतात. ओल्या टिशूने देठाच्या तळाशी धरून हलकेच उपटा, पिशवीत बांधून टाका, हात धुवा. बुरशीनाशक मात्र फवारू नका. ते प्राण्याच्या अंगावर, पानांवरून चाटल्या जाणाऱ्या थेंबांत आणि मातीतल्या उपयोगी किड्यांवर जातं, आणि जाळं तरीही मातीत उरतंच.

छत्र्या पुन्हापुन्हा येत असतील तर ओल तपासा. मातीचा वरचा थर दोन फवारण्यांच्या मध्ये थोडा सुकायला हवा. क्रेस्टेड गेकोच्या पेटीत रात्री फवारणीनंतर आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत चढून दिवसा ५०च्या आसपास उतरली, तर उत्तम. तळाच्या थरात पाणी साचलं असेल तर नळीने ओढून घ्या. हवा खेळण्याची जाळी झाकलेली नाही ना, तेही पाहा. उरलेलं खाणं आणि विष्ठा रोजच्या रोज उचला.

काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची. मातीला कुजकट वास येणं, ती सतत चिखलासारखी राहणं, प्राण्याच्या पोटाकडचे खवले तपकिरी होणं किंवा त्यावर फोड येणं. असं दिसलं तर माती बदला आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

यांतलं काही नसेल, तर छत्री उगवली म्हणजे तुमची माती जिवंत आहे. बुरशी खाऊन जगणारे स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड या मातीत कसे सोडायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर माती उकरू नका.