कानातून निघणारा आवाज

गोरेगाव पूर्वेहून एका आजोबांनी पत्र पाठवलं आहे. समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. ‘जरा मोठ्याने बोल’ म्हटलं की नातू ओरडतो, आणि ते ओरडणं सहन होत नाही. त्यांचा प्रश्न असा, की दोष कानाचा की डोक्याचा?

तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण वर्णन कानाकडेच बोट दाखवतं. उतारवयात आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट असतात. स, श, त, क ही व्यंजनं बारीक आणि अशक्त. त्यामुळे भाजीवाला ‘साठ’ म्हणतो आणि कानात ‘आठ’ पडतं. घरच्या शांततेत माणूस अंदाजाने निभावून नेतो. गोरेगाव स्टेशनच्या पुलावर, घोषणा आणि गर्दीच्या कल्लोळात, अंदाजही हात टेकतो.

मग ओरडणं का सोसत नाही? याचं उत्तर शोधताना मला थॉमस गोल्ड या माणसाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. व्हिएन्नात जन्मलेला हा तरुण महायुद्धात ब्रिटनमध्ये आधी नजरकैदेत होता, नंतर रडारवर काम करू लागला. 1948 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी, त्याने पम्फ्री या प्राणिशास्त्रज्ञासोबत कानावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्याची शंका साधी होती. अंतःकर्णातली शंखासारखी नळी, कॉक्लिया, द्रवाने भरलेली आहे. सतारीच्या तारा पाण्यात बुडवून छेडल्या तर नाद जागीच विरेल. मग कान दोन जवळचे सूर इतके स्वच्छ वेगळे कसे करतो? रेडिओची जाण असलेल्या गोल्डने सांगितलं, की कानात आवाज वाढवणारी जिवंत यंत्रणा असणार. आणि तशी ती असेल, तर कधी कधी कान स्वतःच आवाज काढेल! तो आवाज पकडायचा त्याने प्रयत्नही केला, पण तेव्हाच्या साधनांनी ते जमलं नाही.

कानाच्या अभ्यासकांनी हे मनावर घेतलं नाही. त्या काळी शब्द चालायचा जॉर्ज फॉन बेकेशी यांचा. कॉक्लियात लाट कशी सरकते हे त्यांनी दाखवलं आणि 1961 चं नोबेल मिळवलं. त्यांचं काम थोर आहेच, पण त्यांनी निरीक्षणं केली ती मुख्यतः मृतांच्या कानांवर, आणि जिवंत यंत्रणा मृत कानात दिसणार कशी? गोल्ड खगोलशास्त्राकडे वळला. तिथे पल्सार म्हणजे गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे, हे त्याचं म्हणणं लवकरच मान्य झालं. कानाला मात्र तीस वर्षं लागली. 1978 मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पने कानात ‘टिक्’ आवाज सोडला आणि काही मिलिसेकंदांनी कानाने दिलेलं उत्तर मायक्रोफोनवर टिपलं. गोल्डचा अंदाज अक्षरशः खरा ठरला. श्रवणशास्त्राच्या गोष्टीत त्याचं नाव आजही तळटिपेत राहतं, याची मला खरोखर चुटपुट लागते.

ही यंत्रणा म्हणजे बाहेरच्या रांगांमधल्या केशपेशी, प्रत्येक कानात साधारण 12,000. आवाजाच्या तालावर त्या लांब-आखूड होतात आणि हळू आवाजाला जोर देतात. मोठ्या आवाजाला त्यांची गरज पडत नाही. वय, गोंगाट किंवा काही औषधांमुळे त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग हळू आवाज नाहीसे होतात, मोठे आहेत तितकेच मोठे राहतात, आणि दोन्हींमधली सुखाची जागा अरुंद होते. आजोबांची तक्रार म्हणजे या पेशींचंच गाऱ्हाणं असावं. नातवाने समोर बसून, टीव्ही बंद करून, सावकाश बोलावं. कानाचं मशीनही लावावं, मात्र ते आवाज वाढवतं, हरवलेली धार पूर्ण परत आणत नाही. ‘मशीन लावा, स्मृतिभ्रंश टाळा’ या मथळ्यांनी हुरळून जाऊ नये. अमेरिकेत 977 वृद्धांवर तीन वर्षं चाललेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट सगळ्यांचा विचार करता फरक दिसला नाही. आधीच जास्त धोका असलेल्या गटात मात्र दिसला. माणसांशी बोलता येणं हेच मशीन लावायला पुरेसं कारण आहे.

केम्पच्या शोधाचा खरा लाभ नवजात बाळांना झाला. बाळ झोपलेलं असताना कानात मऊ प्रोब ठेवतात, आणि मिनिटांत ‘पास’ किंवा ‘रेफर’ कळतं. घरोघरी अजून थाळी वाजवून बघतात. बाळ दचकलं की सगळे निश्चिंत! पण मध्यम दोष असलेलं बाळही थाळीला दचकतं, आणि पूर्ण बहिरं बाळसुद्धा सुरुवातीचे महिने हुंकार देतं. ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले’ यात मोलाची वर्षं जातात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक तज्ज्ञ सांगतात, कारण मेंदूची भाषेची घडण तेव्हाच जोरात चालू असते.

‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे. कानात साचलेल्या द्रवानेही तसा निकाल येतो, म्हणून चाचणी पुन्हा करावी. उलट, या चाचणीत केशपेशी कळतात, त्यापुढची नस कळत नाही. जन्मतः अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळाची, पहिली चाचणी ‘पास’ आली तरी, नसेचीही तपासणी करणारी बेरा टेस्ट करून घ्यावीच. वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बाळाची आणि आजोबांची, दोघांचीही तपासणी तिथे होते.