वाफेवरच्या मोमोवरचे आळ

संध्याकाळी कराडात विद्यानगरच्या महाविद्यालयांच्या परिसरात किंवा मलकापूरच्या बाजूला मोमोच्या गाड्यांभोवती विद्यार्थ्यांची गर्दी असते. घरोघरी मात्र याच पदार्थाबद्दल धास्ती आहे. तो चिनी आहे, मैद्याचा आहे, त्यात अजिनोमोटो आहे आणि इतका स्वस्त मिळतो म्हणजे काहीतरी गडबड असणारच, असे म्हटले जाते. यांतला एकही आक्षेप नेमक्या दुखण्यावर बोट ठेवत नाही. धोका आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी आहे आणि या चार आक्षेपांच्या गलक्यात तिकडे लक्षच जात नाही.

आधी ‘चिनी’पणाचे पाहू. दक्षिण चीनमधल्या कँटनच्या चहाघरांतला खाण्याचा प्रकार म्हणजे डिमसम. खमीर घालून फुगवलेला, पावासारखा मऊ असतो तो बाओ. आपल्याकडच्या गाडीवरचा मोमो मात्र बिनखमिराच्या पातळ पारीचा असतो आणि तो तिबेट-नेपाळकडचा आहे. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांनी तो इथल्या शहरांत रुजवला. पारीत सारण भरून वाफवणे ही रीत तर उकडीच्या मोदकाने आपल्या घरात कधीचीच आणलेली आहे. वाफेवर पदार्थ कच्चा राहतो, ही शंकाही टिकत नाही. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. कोंबडीचे मांस सुरक्षित शिजायला आतपर्यंत ७४ अंश पुरतात. भांड्याचे झाकण सारखे उघडले जात नसेल आणि पुरेसा वेळ दिला असेल, तर वाफ आपले काम चोख करते.

मैदा आतड्याला चिकटतो, हे विधान तर शरीरशास्त्रात बसतच नाही. मैदा म्हणजे कोंडा आणि अंकुर काढलेला गहू. त्यातला शिजलेला स्टार्च लहान आतड्यात पचतो. तक्रार करायचीच तर तंतूंची करावी: १०० ग्रॅम कणकेत तंतू १० ग्रॅमहून जास्त असतात, मैद्यात जेमतेम ३. म्हणून मोमो रोजचे जेवण होऊ शकत नाही, हे मान्यच. पण हाच मैदा पावात, खारीत आणि बिस्किटांत असतो, आणि तिथे कुणी आतड्याची काळजी करत नाही.

अजिनोमोटोची भीती अधिक खोल आहे. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले; अजिनोमोटो, म्हणजेच एमएसजी, ही त्याच ग्लुटामेटची पावडर. टोमॅटोतही हेच ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असते आणि शरीर पावडरीतल्या व टोमॅटोतल्या ग्लुटामेटमध्ये भेद करत नाही. १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचे पत्र छापून आले आणि चिनी जेवणानंतरच्या अस्वस्थतेचे खापर या पावडरीवर फुटले. पुढच्या चाचण्यांत रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त दिल्यावर काहींना डोकेदुखी किंवा बधिरपणा जाणवला, तोही थोड्या वेळापुरता. एका वेळच्या खाण्यात हे प्रमाण सहसा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते. मग २०१५ चे मॅगी प्रकरण? तिथे वाद होता तो शिशाच्या प्रमाणाचा आणि पाकिटावरच्या ‘एमएसजी घातलेले नाही’ या दाव्याचा.

स्वस्ताईचे कारण साधे आहे. सारणात मुख्यतः कोबी, पारीत मैदा, तेल जवळजवळ नाही, आणि एकाच शेगडीवर एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांत कितीतरी नग एकदम शिजतात. कमी किंमत म्हणजे सडका माल, असे त्यावरून ठरत नाही.

यावर कुणी विचारेल, मग मोमो खाऊन माणसे आजारी का पडतात? हा प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादेत मोमो खाल्ल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेकजण आजारी पडले. संशय मोमोसोबतच्या मेयोनेजवर होता. तेलंगण सरकारने लगेच कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही तेच केले. मेयोनेजला वाफ लागत नाही, आणि अनेकदा लाल चटणीलाही नाही. सारणाचेही एक लक्षात घ्यायला हवे. दुपारी करून उन्हात ठेवलेल्या सारणात स्टॅफिलोकोकस जंतू वाढले, तर त्यांचे विष उष्णतेला दाद देत नाही. जंतू मरतात, विष उरते, आणि गरमागरम मोमोही बाधतो. म्हणून ‘वाफेवरचे, म्हणजे सुरक्षितच’ हा उलटा गैरसमजही तितकाच घातक आहे. गाडीवर विचारायचे ते हेच: सारण कधीचे आहे, बर्फावर किंवा फ्रीजमध्ये होते का, मेयोनेज पाकिटातले आहे की घरी घोटलेले, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक आहे का.

तळलेला मोमो जास्त ‘शिजलेला’ म्हणून तो मागणाऱ्यांनी कढईकडेही पाहावे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातल्या खराब घटकांवर कायद्याने २५ टक्क्यांची मर्यादा आहे. ते प्रमाण मोजायचे साधन गिऱ्हाइकाच्या हातात नसते, पण तेल काळपट, दाट आणि फेसाळ झाले असेल तर ते डोळ्यांना दिसते. अशा वेळी शेजारच्या चाळणीतलाच घ्यावा.