पेनच्या कांडीतले बुडबुडे : दाब वाढवण्याआधी हे तपासा

रेझिनच्या नावपाट्या, किचेन, भिंतीवरची घड्याळे असे घरगुती काम आता अमरावती-अकोल्याकडे नवे राहिलेले नाही. यातलीच काही हुनरी मुले पुढे पेनकडे वळतात. साच्यात रंगीत रेझिन ओतून साधारण पाच इंच लांब, पाऊण इंच जाड कांडी करायची आणि लेथवर तासून तिचे पेन बनवायचे. मुलांना उर्दू आणि मराठी लिहायला शिकवणे हेच आमचे काम, त्यामुळे हाताने घडवलेल्या कलमाचे आम्हाला अप्रूप आहे. हा उद्योग विदर्भाला परकाही नाही. शाईची पेने आणि निबे बनवणारी ‘कॅनराईट’ नागपूरचीच.

या कामातली सर्वांत मोठी डोकेदुखी म्हणजे बुडबुडे. कांडी वरून काचेसारखी दिसते, पण तासताना आतले बुडबुडे फुटून खड्डे पडतात आणि महागडे रेझिन वाया जाते. म्हणून ओतलेला साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवून कॉम्प्रेसरने हवा भरतात. तरीही बुडबुडे राहिले तर बहुतेक जण दाब आणखी वाढवतात. इथेच थांबायला हवे.

हिशेब शाळेतल्या बॉइलच्या नियमाचा आहे. पंक्चरच्या दुकानात आपण हवा पौंडात मोजतो, तेच माप घेऊ. काट्यावर ४५ पौंड दिसले की बाहेरच्या हवेचे सुमारे १५ पौंड धरून एकूण दाब चौपट होतो. बुडबुड्याचे आकारमान पाव होते, पण व्यास ६३ टक्के उरतो. दाब ६० पौंड केला तर व्यास ५८ टक्के होतो. एवढ्याच फरकासाठी दहा इंची झाकणावरचा भार सुमारे १६०० किलोवरून २१०० किलोच्या वर जातो. म्हणजे फायदा थोडा आणि धोका मोठा. त्यापेक्षा बुडबुडा कुठे आणि कसा आला ते पाहावे. कारण तिथेच सापडते.

बारीक बुडबुडे सगळीकडे पसरलेले असतील, तर दाब उशिरा दिला गेला किंवा मध्येच उतरला. रेझिन घट्ट होऊ लागल्यावर दाबाचा उपयोग नाही, आणि घट्ट होण्याआधी हवा गळली तर दबलेले बुडबुडे पुन्हा फुगतात. झाकणाच्या रबरी रिंगला आणि जोडांना साबणाचे पाणी लावा, गळती लगेच दिसेल. आपल्याकडे मे महिन्यात घाई जास्त करावी लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. डब्यावर २५ अंशांसाठी दहा मिनिटे लिहिली असतील, तर ३५ अंशांना पाचच धरा. अकोल्याच्या ४५ अंशांत ती अडीचवर येतात. उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे आणि एका वेळी थोडेच रेझिन कालवावे.

रेझिन फेसासारखे फुगून वर आले, तर ओलावा शिरला आहे. पॉलियुरेथेन रेझिनचे पाण्याशी जमत नाही. दोन्ही मिळून वायू तयार होतो आणि तो कितीही दाबला तरी फेस बनतोच. पावसाळ्यात डबा उघडा ठेवू नका, पाण्यात कालवलेला रंग घालू नका. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज काढा.

बुडबुडे फक्त लाकडाच्या कडेला असतील, तर लाकूड ओले आहे. सुताराकडचे सागाचे किंवा बाभळीचे तुकडे वापरत असाल तर ते १०० अंशांच्या आसपास वाळवा आणि मधूनमधून वजन करा. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. मग हवाबंद पिशवीत गार करून लगेच वापरा.

कांडीवर बाहेरून फोड आले, तर दोष साच्याचा. सिलिकॉनचा साचा दाबाविना ओतला असेल तर त्याच्या पोटात हवा राहते. प्रेशर पॉटमध्ये ती जागा दबते आणि तिथे रेझिन भरते. साचाही तितक्याच दाबाखाली घट्ट करून घ्यावा. कांडी चिकट राहिली तर रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण चुकले आहे. डब्यावर वजन सांगितले आहे की माप, ते वाचा आणि कालवताना भांड्याच्या कडा खरवडून घ्या.

आता घरच्यांसाठी. स्वयंपाकाचा कुकर या कामाला कधीही वापरू नये. तो सुमारे १५ पौंड वाफेसाठी बनवलेला असतो, इथे त्याच्या तिप्पट दाब लागतो. पॉट त्यावर छापलेल्या मर्यादेतच भरा, सुरक्षा व्हॉल्व्ह कधी बंद करू नका आणि काटा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. रेझिनची वाफ दम्याच्या रुग्णाला त्रास देते, अंगावर सांडले तर पुरळ उठू शकते. म्हणून हातमोजे घाला, तासताना मास्क लावा आणि लहान मुले झोपतात त्या खोलीत हे काम नको.

एक वही ठेवा. तारीख, तापमान, रेझिनचे वजन, सुरुवातीचा आणि तासाभरानंतरचा दाब, आणि कांडी कशी निघाली, एवढेच लिहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदला. दहा कांड्यांच्या नोंदी झाल्या की आपल्या गावाच्या हवेत कोणते रेझिन कसे वागते, हे दुसऱ्या कुणाला विचारावे लागणार नाही.