फाइल सिस्टिम बिघडते तेव्हा

स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा एखाद्या बालरोगावर लिहावे, असेच प्रथम मनात आले होते. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या रुग्णालयांत कागदी केसपेपरची जागा आता संगणकाने घेतली आहे, आणि जिन्याखालच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवलेल्या काळ्या पेटीत आपल्या रुग्णांचा वर्षानुवर्षांचा इतिहास साठलेला असतो. ती पेटी आजारी पडली तर काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, याविषयी आपण फारसे बोलत नाही. मी संगणकतज्ज्ञ नाही. पुढे जे लिहिले आहे ते एका नुकसानीनंतर, नाइलाजाने, वाचून आणि जाणकारांना विचारून शिकलेले आहे.

जुलै २०१४ मधील एका रात्री इंदूरला पावसाची झड लागली होती आणि वीज तीन-चार वेळा गेली-आली. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झालेल्या होत्या. त्यामुळे आमच्या रुग्णालयातील सर्व्हर दर वेळी अकस्मात बंद पडून पुन्हा सुरू होत राहिला. सकाळी ओपीडी सुरू झाली तेव्हा जुन्या नोंदी पडद्यावर दिसत होत्या, मात्र नवी नोंद साठवली जात नव्हती. देखभालीसाठी येणाऱ्या तरुणाने यंत्र बंद करून चालू केले, दुरुस्तीचा प्रोग्रॅम सुरू केला आणि तो जे जे प्रश्न विचारील त्या सर्वांना एकदाच ‘होय’ असे उत्तर देऊन ठेवले. तासाभराने पडद्यावर निर्वाळा आला की फाइल सिस्टिम आता स्वच्छ आहे. आम्ही सर्वांसाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत लक्षात आले, की ज्या फोल्डरमध्ये नोंदी असत तो जवळजवळ रिकामा आहे.

त्या तरुणाला दोष देण्याचा हेतू नाही. ‘लवकर करा, बाहेर मुले रडताहेत’ असा धोशा मीच लावला होता. पण दुरुस्ती यशस्वी झाली आणि रुग्ण मात्र हाती लागला नाही, हे कसे घडते, याचे उत्तर मिळण्यासाठी फाइल सिस्टिम म्हणजे काय हे थोडे समजून घ्यावे लागते.

हार्ड डिस्कला फाइल, फोल्डर, केसपेपर यांपैकी काहीच ठाऊक नसते. तिच्यापाशी केवळ क्रमांक घातलेले कप्पे असतात. लिनक्सवरील एक्स्ट-४ या प्रचलित रचनेत असा एक कप्पा सामान्यतः ४०९६ बाइटचा असतो. कोणता मजकूर कोणत्या कप्प्यांत आहे याचा हिशेब म्हणजे फाइल सिस्टिम. प्रत्येक फाइलमागे ‘आयनोड’ नावाची एक छोटी नोंद असते. तीत फाइलचा आकार, मालक, वेळा आणि मजकुराच्या कप्प्यांचे पत्ते असतात. गंमत अशी, की त्या नोंदीत फाइलचे नाव नसते. नाव असते फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे ‘अमुक नाव, तमुक आयनोड’ अशी केवळ यादी. प्रसूतिगृहाची नर्सरी डोळ्यांसमोर आणावी. बाळे पाळण्यांत आहेत, पाळण्यांना क्रमांक आहेत, आणि कोणत्या पाळण्यात कोणाचे बाळ हे सिस्टरच्या वहीत लिहिलेले आहे. वहीचे पान फाटले तर बाळांना काहीच झालेले नसते. ती सुखरूप रडत असतात. पण ती कोणाची, हे सांगता येत नाही.

या सर्वांवर एक मुख्य नोंद असते, तिला सुपरब्लॉक म्हणतात. एकूण कप्पे किती, आयनोड किती, रचना कोणती, हे तीत असते. ती गेली तर संपूर्ण डिस्क अनोळखी दिसू लागते. म्हणून तिच्या प्रती डिस्कवर इतरत्रही ठेवलेल्या असतात. ४०९६ बाइटच्या कप्प्यांच्या सामान्य रचनेत पहिली प्रत कप्पा क्रमांक ३२७६८ मध्ये सापडते. ‘डिस्क ओळखतच नाही, सगळे गेले’ असे सांगून नव्याने फॉरमॅट करण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी ही प्रत पाहिली का, एवढे अवश्य विचारावे.

एक फाइल लिहायची म्हणजे डिस्कवर अनेक ठिकाणी बदल करावे लागतात: मजकूर, आयनोड, फोल्डरमधील नाव, मोकळ्या कप्प्यांची यादी. यांतले दोन झाले आणि वीज गेली, तर हिशेब जुळत नाही. यावर उपाय म्हणून एक्स्ट-३ मध्ये (२००१), आणि विंडोजच्या एनटीएफएसमध्ये त्याआधीच (१९९३), एक रोजनिशी आली. काय करणार आहोत हे आधी रोजनिशीत लिहायचे, मग प्रत्यक्ष बदल करायचा. वीज गेलीच, तर यंत्र पुन्हा सुरू होताना रोजनिशी वाचून अर्धवट कामे पुरी करते. त्यामुळे एकदा वीज गेल्याने आज सहसा काही बिघडत नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नेहमीच्या मांडणीत ही रोजनिशी फक्त रचनेची असते, मजकुराची नव्हे. शिवाय काही डिस्क मजकूर स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेऊन ‘लिहिला’ असे सांगून मोकळ्या होतात, आणि त्याच क्षणी वीज गेली तर रोजनिशीचाच भरवसा उरत नाही. सदोष मेमरी आणि झिजत चाललेली डिस्क ही बिघाडाची आणखी दोन कारणे. ती संथपणे, महिनोन्महिने काम करतात. तापाविना वाढणाऱ्या क्षयासारखी.

आता तो दुरुस्तीचा प्रोग्रॅम. युनिक्सच्या जगात त्याला एफएससीके म्हणतात. मूळ प्रोग्रॅम टेड कोवाल्स्की यांचा. पुढे बर्कलीच्या मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी आपल्या नव्या फाइल सिस्टिमसाठी तो पुढे नेला. विंडोजमधील चेकडिस्क हा त्याच जातीचा. एक्स्ट कुटुंबासाठी असलेली त्याची आवृत्ती पाच फेऱ्यांत तपासणी करते: प्रथम आयनोड आणि कप्पे, मग फोल्डर, मग फोल्डरांची परस्परजोडणी, मग कोणत्या आयनोडकडे किती नावे बोट दाखवतात त्याची मोजणी, आणि शेवटी मोकळ्या-भरलेल्या कप्प्यांचा ताळेबंद. आयसीयूच्या राउंडइतकीच ही तपासणी शिस्तबद्ध आहे.

पण तिचे उद्दिष्ट काय, हे आम्हांला त्या दिवशी माहीत नव्हते. एफएससीकेचे काम आपला मजकूर परत मिळवणे हे नाही. हिशेब अंतर्गत सुसंगत करणे, जेणेकरून डिस्कवर पुढे सुरक्षितपणे लिहिता यावे, एवढेच त्याचे काम. एखादा आयनोड अविश्वसनीय वाटला तर तो पुसण्याची परवानगी मागतो. एका कप्प्यावर दोन फाइलींनी हक्क सांगितला तर दोघींना एकेक प्रत देतो. त्यांतल्या एकीच्या पोटात दुसरीचा मजकूर गेला, याची त्याला फिकीर नसते. फोल्डर नष्ट झाल्याने निनावी झालेल्या फाइली तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये केवळ क्रमांकाने ठेवतो. या प्रत्येक वेळी तो आधी विचारतो. आणि आम्ही आधीच सर्वांना ‘होय’ म्हणून बसलो होतो. गँगरीन पसरू नये म्हणून पाय कापण्याच्या संमतिपत्रावर न वाचता सही करावी, तसा तो प्रकार होता. शस्त्रक्रिया बिनचूक झाली.

सकाळी नोंद साठवली जात नव्हती, हेही यंत्राने स्वतःच पत्करलेले शहाणपण होते. विसंगती आढळताच फाइल सिस्टिम ‘केवळ वाचन’ या अवस्थेत जावी, अशी सोय लिनक्समध्ये असते आणि आमच्याकडे ती चालू होती. यंत्र सांगत होते, की मला हात लावू नका. आम्ही त्यालाच आजार समजलो.

योग्य क्रम काय, हे नंतर बोलावलेल्या तज्ज्ञांनी सांगितले, आणि तो आपल्या व्यवसायाला परका नाही. सर्वप्रथम बिघडलेल्या डिस्कवर लिहिणे थांबवायचे. पुन:पुन्हा चालू-बंद करून पाहायचे नाही. डिस्कमधून टकटक वा खरखर ऐकू येत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे. ती तशीच बंद ठेवून धूलिमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावी, घरगुती प्रयोग नकोत. आवाज नसेल तर डिस्कची स्वतःची प्रकृतिनोंद, जिला स्मार्ट म्हणतात, ती वाचावी. मग दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत हुबेहूब प्रत काढायची. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येणारे भाग उचलतो, अवघड भागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मरणासन्न डिस्कच्या उरलेल्या श्वासांचा याहून बरा उपयोग नाही.

यापुढचे सारे त्या प्रतीवर. एफएससीके आधी अशा पद्धतीने चालवायचा, की तो दोष सांगेल पण काहीही बदलणार नाही. ती यादी वाचायची. दोष पाच-पंचवीस आहेत की हजारो, यावरून पुष्कळ कळते. मग प्रतीची दुरुस्ती. बिघडली तर मूळ डिस्क अस्पर्श आहे, पुन्हा प्रत काढता येते. रचना पूर्णच कोसळली असेल तर फोटोरेकसारखे प्रोग्रॅम नावागावाचा विचार न करता कप्प्यांमधून छायाचित्रे आणि दस्तऐवज त्यांच्या आरंभीच्या खुणांवरून शोधून काढतात. आणि विश्वासार्ह बॅकअप हाताशी असेल, तर यांतले बहुतेक न करता नव्या डिस्कवर तो उतरवणे हाच राजमार्ग.

आमचा बॅकअप होता. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर प्रत जात असे आणि ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेशही येत असे. फेब्रुवारीत ती डिस्क भरली. त्यानंतर संदेश येत राहिला, प्रत मात्र तयार होत नव्हती. सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या जोडलेल्या होत्या, त्यांचाही आम्हांला मोठा आधार वाटे. परंतु आरसा डिस्क मेल्यावर कामाचा. फाइल सिस्टिमच बिघडली तर तो तोच बिघाड इमानेइतबारे दुसऱ्या डिस्कवर उमटवतो.

पुढे वाचनात आले, की या बाबतीत आम्ही एकटे नव्हतो. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसचा फोल्डर चुकून पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या अनेक व्यवस्था असूनही नेहमीचा बॅकअप आवृत्तीतील तफावतीमुळे निष्फळ ठरत होता, आणि त्या अपयशाची सूचना देणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. कोणीतरी सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेली प्रत होती, तिच्यावर सारे तरले. मधल्या सहा तासांचा मजकूर गेला. संगणक हाच ज्यांचा व्यवसाय त्यांची ही कथा, आणि त्यांनी ती सविस्तर जाहीर केली, हे त्यांचे औदार्य.

आमच्या ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये हजारो फाइली क्रमांक लेवून पडल्या होत्या. एक्स-रेच्या प्रतिमा आणि स्कॅन केलेली डिस्चार्ज कार्डे उघडून, नावे वाचून, पुष्कळशी ओळखता आली. मुख्य डेटाबेस मात्र सांधता आला नाही. त्या तासाभरात त्याचे काही तुकडे पुसले गेले होते आणि काहींवर नवे लिहिले गेले होते. फेब्रुवारी ते जुलै या पाच महिन्यांच्या नोंदी गेल्या. लसीकरणाचा तेवढा भाग परत उभा राहिला, कारण त्याची प्रत शेकडो घरांत पिवळ्या-गुलाबी कार्डांवर जपलेली होती. आया कार्डे घेऊन येत आणि रिसेप्शनवरील मुली तारखा उतरवून घेत. हे दिवाळीपर्यंत चालले होते.

कार्डावर नसलेल्या गोष्टींचे काय, हे सप्टेंबरमध्ये कळले. न्यूमोनिया झालेल्या तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीने आणले होते. पडद्यावर त्याच्या नावापुढे काही नव्हते. मी इंजेक्शन लिहून दिले. सिस्टर औषध भरता भरता थांबली, मुलाकडे निरखून पाहत म्हणाली, “सर, एप्रिलमध्ये पेनिसिलिनने अंगभर गांधी येऊन श्वास कोंडला होता, तेच हे बाळ.” एप्रिलमध्ये ती लाल सूचना मीच संगणकात टाकली होती. त्या इंजेक्शनातील औषध पेनिसिलिनच्याच कुळातले होते.

इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या मुलाच्या बाबतीत मला प्रथम आठवली ती ही नियमावली नव्हे.

आता आमच्याकडे तीन प्रती असतात: एक सर्व्हरवर, दुसरी रोज रात्री निघणारी, तिसरी आठवड्याला काढून माझ्या घरी नेली जाणारी आणि एरवी कोणत्याही यंत्राला न जोडलेली. यूपीएसच्या बॅटऱ्या मुदतीपूर्वी बदलतो, आणि तो यूपीएस वीज संपत आल्यावर सर्व्हरला रीतसर बंद करतो. औषधांच्या ॲलर्जीची नोंद पालकांच्या फाइलवर लाल शाईनेही होते. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका जुन्या संगणकावर बॅकअप प्रत्यक्ष उतरवून, कोणत्याही तीन मुलांच्या नोंदी उघडून कागदाशी ताडून पाहतो. गेल्या महिन्यात तिसऱ्या मुलाची नोंद उघडली नाही. घरची डिस्क खराब होऊ लागली होती. सोमवारी नवी आणली.