मोरपंखी

मोरपंखी (शास्त्रीय नाव: प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस) ही क्युप्रेसेसी कुलातील सदाहरित, शंकुधारी वनस्पती आहे. मोराच्या पिसाऱ्यासारख्या उभ्या पसरलेल्या चपट्या डहाळ्यांमुळे तिला हे नाव मिळाले. महाराष्ट्रात शाळांची आवारे, बंगल्यांची फाटके, सार्वजनिक उद्याने व देवळांची प्रांगणे येथे ती शोभेसाठी लावली जाते. विद्यार्थ्यांमध्ये ती ‘विद्या’ किंवा ‘विद्येचे झाड’ म्हणून परिचित आहे; तिची डहाळी वहीत किंवा पुस्तकात ठेवल्यास विद्या प्राप्त होते, असा समज अनेक पिढ्यांपासून चालत आला आहे. मैदानी प्रदेशातील उन्हाळा सोसू शकणाऱ्या थोड्या शंकुधारी वनस्पतींपैकी ही एक होय. असे असूनही घरगुती बागांतील मोरपंखी पुष्कळदा अकाली वाळते. त्यामागे दुर्लक्षापेक्षा जादा पाणी, अपुरे ऊन व चुकीची छाटणी हीच कारणे बहुधा आढळतात.

नाव व वर्गीकरण

कार्ल लिनियस याने १७५३ साली या वनस्पतीचे वर्णन थुजा ओरिएंटॅलिस या नावाने केले. पुढे ती थुजा प्रजातीहून वेगळी असल्याचे मान्य झाले आणि १९४९ साली पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँको याने तिला आजचे शास्त्रीय नाव दिले. प्लॅटिक्लॅडस या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘रुंद फांदीचा’ असा आहे. या प्रजातीत ही एकच जाती मोडते. उद्यानविद्येच्या जुन्या पुस्तकांत ‘बायोटा’ हेही नाव आढळते.

रोपवाटिकांमध्ये मात्र हिला आजही सर्रास ‘थुजा’च म्हटले जाते. हा केवळ नावाचा घोळ नाही. त्याचे परिणाम बागेत दिसतात. परदेशी पुस्तकांत ज्या थुजाच्या संगोपनाची माहिती असते, तो बहुधा थुजा ऑक्सिडेंटॅलिस हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील, थंड हवेत व ओलसर जमिनीत वाढणारा वृक्ष असतो. त्याला मानवणारी सततची ओल मोरपंखीच्या मुळांना घातक ठरते. दोघांतील भेद ओळखणे कठीण नाही. मोरपंखीच्या डहाळ्या उभ्या पातळीत असतात व त्यांच्या दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या दिसतात. थुजाच्या डहाळ्या आडव्या पसरतात. मोरपंखीच्या शंकूवरील जाड खवल्यांना टोकाशी आकडा असतो आणि तिच्या बियांना पंख नसतात. थुजाच्या बिया पंखयुक्त असतात.

कोकण किनाऱ्यावर ज्याला ‘सुरू’ म्हणतात तो वृक्ष दिसण्यात शंकुधारी वाटला, तरी तो सपुष्प वनस्पती असून त्याचा मोरपंखीशी जवळचा संबंध नाही.

मूळ प्रदेश

उत्तर चीन, कोरिया व रशियाचा अतिपूर्वेकडील भाग हा मोरपंखीचा मूळ प्रदेश मानला जातो. तेथे ती कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढते आणि तिच्या बहुतेक गरजा या अधिवासावरून समजतात. चीनमध्ये मंदिरे व समाधिस्थळे यांच्या परिसरात ती लावण्याची प्रथा प्राचीन आहे. शान्शी प्रांतातील पीत सम्राटाच्या समाधिस्थळी हिचे अतिप्राचीन वृक्ष आहेत. बीजिंगच्या नगरवृक्षांमध्येही तिचा समावेश होतो.

स्वरूप

ही सावकाश वाढणारी वनस्पती असून मूळ प्रदेशात १५ ते २० मीटर उंच होते. बागेतील झाडे सामान्यतः त्याहून पुष्कळ लहान राहतात. कोवळ्या रोपाची पहिली पाने सुईसारखी असतात. नंतरची पाने बारीक खवल्यांसारखी असून डहाळीला घट्ट चिकटलेली असतात. नर व मादी शंकू एकाच झाडावर येतात व परागण वाऱ्यामार्फत होते. मादी शंकू दीड ते अडीच सेंटिमीटर लांब, प्रथम निळसर हिरवे व पक्व झाल्यावर तपकिरी होऊन उकलतात. मुले ज्याला ‘विद्येचे फळ’ म्हणतात तो हा शंकूच होय. अनावृतबीजी वनस्पतींना खरे फळ येत नाही.

ठेंगण्या, गोलसर व सोनेरी छटेच्या अनेक वाणांची लागवड होते. त्यांपैकी ‘ऑरिया नाना’ हा वाण विशेष प्रसिद्ध आहे.

जागा व माती

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळणारी मोकळी जागा या झाडास आवश्यक असते. भिंतीलगत किंवा मोठ्या झाडाखाली लावल्यास सावलीकडील बाजू विरळ होत जाते. याच कारणाने घरात ठेवलेली कुंडी काही महिन्यांतच निस्तेज होते.

माती फार सुपीक नसली तरी चालते, चुनखडीयुक्त जमीनही चालते. पाण्याचा निचरा मात्र उत्तम हवा. महाराष्ट्रात खरी अडचण येते ती दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीत. ही माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मुळे एकदा कुजतात व एकदा तुटतात. अशा जमिनीत खड्डा करून रोप खाली लावण्याऐवजी मुरूम, जाडी वाळू व कुजलेले शेणखत मिसळून सुमारे एक फूट उंचीचा उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावे. कोकणातील जांभ्या जमिनीत निचरा चांगला होत असल्याने एवढा खटाटोप लागत नाही, परंतु तेथे मुसळधार पाऊस ओसरल्यावर लागवड करणे इष्ट असते. देशावर पावसाळ्याचा प्रारंभ सोयीचा ठरतो.

रोप लावताना पिशवी पूर्ण काढून टाकावी. बरेच दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळे गोल गुंडाळलेली असतात. ती हलक्या हाताने मोकळी न केल्यास झाड अनेक वर्षांनंतरही मूळ धरत नाही. पिशवीत रोप जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे, खोडाशी माती चढवू नये. कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर ठेवतात. एकट्या झाडास भिंतीपासून पाच-सहा फूट जागा सोडावी. लहान रोपाकडे पाहून हे अंतर जादा वाटते, पण नंतर वाढविता येत नाही.

पाणी

पहिले वर्ष महत्त्वाचे असते. या काळात उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, मुळांच्या खालपर्यंत पोहोचेल इतके पाणी द्यावे. रोज वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे पृष्ठभागालगतच राहतात व झाड कायमचे परावलंबी होते. दुसऱ्या वर्षापासून पाण्यातील अंतर वाढवीत न्यावे. दोन इंच खोल बोट घालून माती ओलसर लागल्यास पाणी देऊ नये. पावसाळ्यात आळे मोडून पाण्याला वाट करून देणे जरुरीचे असते. कुंडीखालील ताटलीत पाणी साचू देऊ नये.

शंकुधारी वनस्पतींचा एक विशेष येथे ध्यानात घ्यावा लागतो. आंबा किंवा जास्वंद पाण्यावाचून लगेच माना टाकते आणि माळ्याला सूचना मिळते. मोरपंखीची पाने कोमेजत नाहीत. तोडलेली डहाळी वहीत दीर्घकाळ हिरवी दिसते, तसेच मुळे मेल्यावरही झाड काही आठवडे हिरवेच दिसत राहते. पाने तपकिरी पडून झाडाचा मृत्यू डोळ्यांना दिसतो तेव्हा मूळ नुकसान बरेच जुने झालेले असते. अशा वेळी घाईने दिलेले पाणी किंवा खत निरुपयोगी ठरते. मुळे कुजलेली असल्यास पाण्याने हानीच वाढते.

छाटणी

मोरपंखीला नैसर्गिकच शंक्वाकार किंवा अंडाकृती घाट असल्याने छाटणीची गरज थोडी असते. छाटावयाचे झाल्यास फक्त हिरवी टोके छाटावीत. फांदीचा आतला, पानांविना तपकिरी झालेला भाग उघडा पडेपर्यंत कापल्यास तेथे सहसा नवीन फूट येत नाही आणि झाडाला कायमचे भगदाड पडते. मेंदी किंवा कडुमेंदीच्या कुंपणाप्रमाणे ही जुन्या लाकडातून पुन्हा बहरत नाही. हा फरक न जाणता एकाच कात्रीने दोन्ही कुंपणे सपाट करणे ही नेहमीची चूक आहे. कुंपण तळाशी रुंद व वर निमुळते ठेवावे, म्हणजे खालच्या डहाळ्यांना ऊन मिळते व त्या उघड्या पडत नाहीत.

शाळांच्या आवारातील मोरपंखी पुष्कळदा मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंत बोडकी व वर हिरवी दिसते, त्याचे कारणही हेच. एकेक डहाळी तोडल्याने झाडाचे काही बिघडत नाही. परंतु दरवर्षी नव्या वर्गांनी त्याच उंचीवरची फांदी मुळापासून ओढली की तेथे पालवी परतत नाही. डहाळीचा केवळ शेंडा कात्रीने घेतल्यास परंपराही राहते आणि झाडही.

अनेक खोडांची झाडे जोराच्या पावसात फाकतात. मऊ सुतळीने ती सैलसर बांधून ठेवावीत. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास वाढ लुसलुशीत होऊन हा दोष बळावतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, थोडे शेणखत पुरते.

कीड व रोग

झाडाच्या आतील जुनी पाने तपकिरी होऊन गळणे स्वाभाविक आहे. ती हाताने झाडून काढल्यास आत हवा खेळते. थंड प्रदेशात हिवाळ्यात पानांवर तांबूस छटा येते व ती नंतर जाते; हाही रोग नव्हे. उन्हाळ्यात पाने धुरकट, पिवळसर दिसू लागल्यास लाल कोळी या किडीची शंका घ्यावी. डहाळीखाली पांढरा कागद धरून ती झटकली असता कागदावर बारीक ठिपके चालताना दिसतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने प्रारंभीचा प्रादुर्भाव आटोक्यात येतो. पाणी साचणाऱ्या जमिनीत बुरशीमुळे मूळकूज होते. तीवर प्रभावी इलाज नसल्याने निचरा हाच उपाय समजावा.

अभिवृद्धी

बियांपासून रोपे करणे सर्वांत सोपे असते. शंकू तपकिरी होऊन उकलण्याच्या सुमारास काढून कागदावर सुकवितात व बिया वाळूमिश्रित मातीत उथळ पेरतात. सोनेरी व ठेंगण्या वाणांचे गुण बियांतून जसेच्या तसे उतरतील याची खात्री नसते, म्हणून त्यांची वाढ फाटे कलमांनी करतात. या कलमांना मुळे फुटण्यास बराच काळ लागतो.

पानांतील तेलात थुजोन हे विषारी द्रव्य असते. चिनी वैद्यकात डहाळ्या व बिया यांचा उपयोग होत असला, तरी पाने चघळणे किंवा घरगुती काढा करणे टाळावे. लहान मुले व पाळीव जनावरे यांना ती खाऊ देऊ नये.