शेतशिवारातील गवताचे बेट : कारंजा-सोहोळ

विदर्भातील निसर्ग पर्यटन म्हटले की ताडोबा, मेळघाट आणि तेथील वाघ यांचीच चर्चा होते. वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्याचे नाव त्या मानाने फारसे कोणाच्या ओठी नसते. येथे गर्द झाडी नाही, खोल दऱ्या नाहीत आणि वाघही नाही. आहे ते मोकळे आकाश, वाऱ्यावर लवणारे गवत आणि त्यातून डोके वर काढून पाहणारी काळविटे. चढउतार फारसे नसल्याने लहान मुलांना आणि ज्येष्ठांनाही झेपेल अशी ही दोन-अडीच तासांची भटकंती आहे.

काळविटांसाठी राखलेले हे अभयारण्य २००० साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे १८ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सभोवार सोयाबीन, तूर आणि कपाशीची शेते पसरलेली असल्यामुळे हा गवताळ प्रदेश एखाद्या बेटासारखा उरला आहे. नदीतील बेटाला पाणी वेढते, या बेटाला शेती, वस्ती आणि रस्ते वेढतात, एवढाच काय तो फरक. बेटावरील जीवसृष्टीपुढे जी अडचण असते, तीच येथेही आहे. बाहेर जाण्याच्या वाटा तुटल्या की कळप एकमेकांपासून विलग होतात, वंशातील विविधता घटते आणि एखादा रोग किंवा दुष्काळ मोठा घाला घालू शकतो.

काळवीट हे खऱ्या अर्थाने माळरानाचे जनावर आहे. दाट जंगल त्याला मानवत नाही. शत्रू दुरून दिसावा आणि धावायला मोकळी जागा मिळावी, हीच त्याची संरक्षणाची पद्धत. ताशी ८० किलोमीटरच्या जवळपास जाणारा त्याचा वेग चित्त्यासारख्या शिकाऱ्यासोबतच्या हजारो वर्षांच्या स्पर्धेतून घडला, असे मानले जाते. भारतातील चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, पण त्याला चुकवण्यासाठी कमावलेला वेग काळविटाच्या पायांत अजून शिल्लक आहे. नर तरुणपणी पिवळसर तपकिरी असतो आणि वयानुसार पाठीकडून काळा पडत जातो. पीळदार शिंगे नराची खूण, मादीला ती सहसा नसतात. प्रौढ नर आपली हद्द राखतो आणि त्यासाठी ठरावीक जागी वारंवार लेंड्या टाकतो. वाटेत लेंड्यांचा असा ढीग दिसला, तर कोण्या नराच्या इलाख्यात आपण शिरलो आहोत, असे समजावे.

पाहणाऱ्याने नजर जमिनीकडेही वळवावी. मारवेल, पवन्या, कुसळ ही गवते वरवर सारखी दिसली तरी त्यांचे स्वभाव निराळे. कुसळाच्या बियांना पिळाची लांब शेपटी असते. ओलावा लागताच तो पीळ उलगडतो, पुन्हा वाळला की वळतो आणि या फिरण्यातून बी स्क्रूप्रमाणे मातीत शिरते. हिवाळ्यात पायमोज्यांना चिकटणारी ही कुसळे म्हणजे गवताची पेरणीच होय. गवताचे बळ जमिनीखाली असते. दाट मुळांमुळे माती धरून ठेवली जाते, पाणी मुरते आणि कार्बनही साठतो.

गवत आहे म्हणून कीटक आहेत आणि कीटक आहेत म्हणून चंडोल, तित्तिर, टिटवी यांसारखे पक्षी आहेत. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी भारतातील माळांवर गवतातच, जमिनीवर रात्रीचा मुक्काम करतात. अकोला-वाशिम पट्ट्यातील माळांचा सर्वांत मोलाचा पाहुणा मात्र तणमोर. पावसाळ्यात मादीला आकृष्ट करण्यासाठी नर गवतावरून दिवसाला शेकडो उड्या मारतो. हा पक्षी २०२१पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त गणला जातो. त्याच्या रक्षणासाठी कारंजा परिसरातील ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेतले, हे विशेष. ज्या समाजावर इंग्रज राजवटीने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच समाजाचे गवत आणि पाखरांविषयीचे पिढीजात ज्ञान संवर्धनाच्या कामी आले.

असे असूनही माळरानाकडे पाहण्याची आपली दृष्टी कोती आहे. झाडे नाहीत म्हणजे जमीन पडीक, हा समज महसुली नोंदींपासून शाळकरी वृक्षारोपणापर्यंत रुजला आहे. महाराष्ट्रात अनेक माळांवर गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. त्यांच्या सावलीत मूळचे गवत टिकत नाही आणि गवतावर जगणारे प्राणीही मागे राहत नाहीत. हेतू चांगला असूनही माळावर केलेले वृक्षारोपण त्यामुळे निसर्गाच्या मुळावर येऊ शकते.

दुसरा प्रश्न शेतकऱ्यांचा. काळविटे आणि रोही अभयारण्याची सीमा ओळखत नाहीत. कोवळ्या पिकात कळप शिरला की एका रात्रीत हंगामाची मेहनत मातीमोल होते. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला इजा करणे गंभीर गुन्हा आहे. शासनाकडून नुकसानभरपाईची तरतूद असली, तरी ती वेळेवर आणि पुरेशी मिळाली तरच शेतकरी अभयारण्याचा शेजार आपला मानील. शहरातून येणाऱ्या पर्यटकाने काळविटाचे कौतुक करताना हा हिशेब विसरू नये.

तिसरा प्रश्न रस्त्यांचा. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ आणि तानसा या अभयारण्यांच्या परिसरातून जातो. डिसेंबर २०२२मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि जून २०२५मध्ये अखेरचा टप्पा खुला झाला. वन्यप्राण्यांसाठी त्यावर भुयारी आणि उन्नत मार्ग बांधण्यात आले आहेत. त्या वाटा प्राण्यांनी स्वीकारल्या तर हे बेट इतर माळांशी जोडलेले राहील, अन्यथा त्याचे एकाकीपण वाढेल.

भटकंतीसाठी पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत फलदायी ठरतात. वाशिमहून मंगरूळपीरमार्गे कारंजा गाठता येते. प्रवेशाची परवानगी आणि वाटाड्या यांविषयी वनविभागाकडे आधीच विचारणा करावी. मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण, टोपी आणि पुरेसे पाणी सोबत असावे. वाळल्या गवतात ठिणगीही घातक, म्हणून आगपेटी आणि सिगारेट घरीच राहू द्यावी. कुत्रे नेऊ नये आणि कळपाचा पाठलाग करू नये. काळविटाची मादी पाडसाला जन्मानंतरचे काही दिवस गवतात लपवून ठेवते. असे पाडस एकटे आढळले तर ते अनाथ आहे असे समजून उचलू नये, दूर व्हावे. आई जवळपासच असते आणि माणूस हटल्याशिवाय ती परत येत नाही.